अष्टमीची भरती

“विहीणबाई, पाणी वाढणार तर नाही ना?”

शकुंतलाबाई होनराव, म्हणजे माझ्या जावयाच्या आई, खाडीच्या काठावर उभ्या राहून मला विचारत होत्या. समोर खाडीच्या मुखातून पलीकडच्या काठापर्यंत चौकोनी दगड मांडलेले होते, एकेक पाऊल टाकत जाता येईल असे. दगडांच्या दोन्ही अंगांना गुडघाभर पाणी. सकाळचे नऊ वाजलेले. वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचं ते गाव. त्याचं नाव तीन महिने राहूनही मला नीट उच्चारता आलं नव्हतं आणि आज सात वर्षांनीही येत नाही.

“आज तिथी कुठली?” मी उलट विचारलं.

“वद्य अष्टमी.”

“आठाचे पाऊणपट किती?”

“सहा.” चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेल्या बाई त्या. पावकी-पाऊणकी तोंडपाठ.

“म्हणजे सहाला भरती झाली. तिथून सहा तास पाणी उतरणार. बाराला पुरती ओहोटी. आपण अकराला परत येऊ तेव्हा इथं घोटाही भिजणार नाही.”

हे गणित मला आजोबांनी शिकवलं होतं. आचऱ्याच्या बंदरावर त्यांची होडी असे. “तिथीची पाऊणपट कर, भरती गावतली,” म्हणजे सापडेल, एवढ्या एका वाक्यावर त्यांनी आयुष्यभर समुद्र सांभाळला. मी येताना मालवणहून दिनदर्शिका आणली होती, ती स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली होती. जावयानं फ्रिजवर भरती-ओहोटीचा छापील तक्ता चिकटवला होता, पण मी त्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. माशाला कुणी पोहायला शिकवतं का?

“दगड कोरडे दिसतात पण,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “पाणी उतरत असतं तर ओले नसते का?”

“ऊन पडलंय ना. वाळले.”

विहिणीचं म्हणणं दोनदा खोडायचं नसतं, हे त्यांना बार्शीत आणि मला कोकणात सारखंच शिकवलेलं होतं. त्यांनी खांद्यावरची पिशवी सावरली. भलीमोठी पिशवी होती.

“एवढं काय घेतलंत?”

“काय नाही, दशम्या हायेत. शेंगादाण्याची चटणी. पाणी.”

“किती दशम्या?”

“बारा.”

“तासा-दोन तासांच्या फेरीला बारा दशम्या?”

“परका मुलूख. काय सांगता येतंय?”

पायात त्यांनी एकावर एक दोन मोजे चढवले होते आणि गुडघ्यांना चोळलेल्या तेलाचा वास मला तीन हातांवर येत होता. ही वरमाई फिरायला निघालीय की काशीयात्रेला, असं मी मनात म्हटलं आणि पहिल्या दगडावर पाय ठेवला.

फिरायला जायची कल्पनाही त्यांचीच. आमची नात रेवा तेव्हा बारा आठवड्यांची होती. तिला लस टोचायला माझी लेक गौतमी आणि जावई प्रसन्न तिला घेऊन शहरात गेले होते, ते तीनला परतणार होते. आम्ही दोघी घरात. एरवी शकुंतलाबाई हात मांडीवर ठेवून कोचाच्या कडेला बसून असत. त्या दिवशी एकदम म्हणाल्या, “विहीणबाई, तुमचा समुद्र दाखवा की आम्हाला.” बार्शीच्या बाईनं समुद्राला ‘तुमचा’ म्हटल्यावर मी काय घरी बसते?

शिवाय मला घरात बसवत नव्हतं. त्या संध्याकाळी मला एक उत्तर द्यायचं होतं. माझं परतीचं तिकीट पुढच्या शनिवारचं होतं. गौतमी सप्टेंबरात कामावर रुजू होणार होती आणि पाळणाघरात रेवाला जागा नोव्हेंबरात मिळणार होती. “आई, तू आणखी अडीच महिने थांबशील ना? तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे,” असं ती आठवडाभर म्हणत होती. तिकीट बदलायचं तर आज रात्रीपर्यंत सांगायला हवं होतं. आणि मला थांबायचं नव्हतं.

का, ते मी कुणाला सांगू शकत नव्हते. नातीला सोडून घरी जायची घाई झालेली आजी लोकांनी कुठं बघितलीय? वाटभर तेच डोक्यात घोळत होतं. शकुंतलाबाईंशी बोलण्याचा तर प्रश्नच नव्हता. बाई महिन्याभरासाठी आलेल्या, बारशाला व्हिसा मिळाला नाही म्हणून उशिरा. आल्यापासून त्यांनी नातीला आपणहून एकदाही उचललं नव्हतं. दिली तर घेत, रडली तर परत करत. मुलाची आई, म्हणून ताठा असेल, अशी मी मनाची समजूत करून घेतली होती.

पलीकडचा किनारा मात्र फार देखणा होता. लांबच लांब पिवळी वाळू, वर कडे, कड्यांवर जांभळी फुलं. आम्ही थेट टोकापर्यंत गेलो. तिथं एका टपरीत चहा मिळाला, तो दोघींनीही निमूट गिळला. अकराला परत खाडीवर आलो.

दगड नव्हते.

मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. आपण भलत्याच जागी आलो असं आधी वाटलं. पण पलीकडे ज्या निळ्या बाकावर मी बुटातली वाळू झटकली होती तो बाक तिथंच होता, आणि त्याच्या-माझ्यामध्ये पुरुषभर पाणी संथपणे आत शिरत होतं. आत, बाहेर नाही. आजोबांचं गणित मी पुन्हा केलं. आठ पाऊण सहा. दुसरं काही येईना.

कुत्र्याला घेऊन एक म्हातारा चालला होता. त्याला मी माझ्या इंग्रजीत विचारलं. त्यानं घड्याळ बघून सांगितलं की भरती एकला पूर्ण होईल आणि दगड साडेचार-पाचला वर येतील. मग आमच्या साड्यांकडे आणि खालच्या बुटांकडे प्रेमानं बघून तो निघून गेला.

आजोबांचं गणित खोटं नव्हतं. ते आचऱ्याचं होतं. तिथी सगळ्या जगाला एकच असली, तरी प्रत्येक बंदराला तिची वेळ वेगळी, एवढी साधी गोष्ट मला त्रेसष्टाव्या वर्षी, विहिणीच्या देखत कळायची होती. कान इतके तापले की वाऱ्याचं काही वाटेना.

“चुकलं माझं,” मी म्हटलं. हे दोन शब्द काढायला मला खाडी पोहून जाण्याएवढे कष्ट पडले.

“असू द्या की. समुद्रही माणसासारखाच, माहेरी एक आणि सासरी एक,” शकुंतलाबाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, हे मी त्यांच्या खात्यावर जमा केलं. “फोन आणलाय का?”

“चार्जिंगला लावून आले. तुमचा?”

“मीही घरीच ठेवला. आता इथं पाचपर्यंत बसायचं, नाहीतर वरून जायचं. वरून वाट हाय म्हणे. खाडीच्या काठाकाठानं आत, पूल ओलांडायचा, अन् त्या अंगानं कड्यावरून परत.”

“किती लांब?”

“असंल सात-आठ मैल.”

“तुमचे गुडघे?”

“गुडघे काय, कुरकुरतात अन् चालतात,” असं म्हणून त्या चढाला लागल्यासुद्धा.

पहिला मैल आम्ही एकमेकींशी अगदी विहिणींसारख्या बोललो. हवा छान आहे. हो ना, छान आहे. इथले लोक स्वच्छता फार ठेवतात. फारच ठेवतात. मग वाटेत एक लाकडी फाटक आलं, आणि फाटकाच्या पलीकडे, नेमक्या वाटेवर, सात-आठ गाई. आपल्याकडच्या नव्हेत, हत्तीच्या पिलांएवढ्या, काळ्या. मी जागच्या जागी थांबले. खारवट पाण्याची मला भीती नाही, पण चार पायांच्या जनावराशी माझं कधी जमलं नाही.

शकुंतलाबाईंनी पिशवी माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि फाटक उघडून आत गेल्या. जीभ टाळूला लावून त्यांनी असा काही आवाज काढला, आणि “हल्या हल्या, सरक गं बाई, वाटेत काय बसलीस,” असं म्हणत पुढच्या गाईच्या पाठीवर थाप मारली. ती वेल्श गाय उठली. तिच्यामागं सगळ्या उठल्या आणि शहाण्यासारख्या बाजूला झाल्या.

“यांना मराठी कळतं?” मी फाटकामागून विचारलं.

“गाईला भाषा नाही लागत. भ्यालेलं माणूस तेवढं कळतं. या आता, माझ्या अंगानं या.”

मी त्यांचा दंड धरून त्या गाईंमधून गेले. पलीकडे पोचल्यावर दंड सोडायचं माझ्या लक्षात राहिलं नाही, आणि त्यांनीही सोडवून घेतला नाही. तिथून बोलणं जरा सैल झालं. वाटेच्या कडेला काट्यांच्या झुडपांना काळी फळं लागली होती. चव करवंदांच्या जवळपास जाणारी. आम्ही दोघींनी ओंजळभर खाल्ली, जिभा जांभळ्या करून एकमेकींना दाखवल्या. साठी उलटलेल्या दोन बायका.

दीडच्या सुमारास पूल ओलांडून आम्ही परतीच्या अंगाला लागलो आणि कड्यावर एक बाक मिळाला. खाली समुद्र नुसता चमकत होता. शकुंतलाबाईंनी दशम्या सोडल्या. दुधात भिजवलेल्या, मऊ, वर चटणी आणि तेल. मी चार खाल्ल्या आणि सकाळचा तो काशीयात्रेचा शब्द मनातल्या मनात परत घेतला.

वर वारा मात्र फार होता. माझे कान ठणकायला लागले.

“पिशवीत काही बांधायला आहे का हो?”

“पंचा हाय बघा. हात घाला.” त्या बूट काढून मोजे ठीक करत होत्या.

मी हात घातला. पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं, ते उलगडून माझ्या मांडीवर पडलं. कुंच्या होत्या. इरकली साडीच्या, हिरव्या, लाल काठाची झालर लावलेल्या, हातशिलाईच्या. एक नाही, चार. मी त्या बाकावर एकीशेजारी एक मांडल्या. पहिली रेवाला आज बसेल एवढी. दुसरी जराशी मोठी. तिसरी त्याहून मोठी. चौथी वर्षाच्या पोरीची.

“ह्या कधी शिवल्या?”

“दुपारच्या. तुम्ही रेवाला घेऊन पडता तेव्हा.” त्या समुद्राकडे बघत होत्या.

“मग दिल्या का नाहीत?”

“तुम्ही आणलेली मखमलीची हाय की तिला. आणखी कशाला? जाताना गौतमीच्या कपाटात ठेवून जाईन म्हणलं. पोर वाढंल तशी एकेक काढंल ती.”

ती साडी मला ओळखीची वाटली. गौतमीच्या लग्नात त्यांनी हीच नेसली होती. आम्ही दिलेली विहिणीच्या मानाची साडी. मी चौथ्या कुंचीवरून हात फिरवला. टाके इतके बारीक की दिसू नयेत.

“तुम्ही तिला कधी मांडीवर मागितली नाहीत,” मी म्हटलं.

“कशी मागू? मी आले त्या दिवशी तुम्ही म्हणाला, तुम्ही पाहुण्या, बसा. बाळाला माझ्या हाताची सवय आहे.”

“अहो, मी मान म्हणून म्हटलं. प्रवास करून आलात, वरमाई, तुम्हाला कामाला कसं लावू?”

“असंल. मला ते कुंपण घातल्यागत वाटलं. म्हणून मी कुंपणाच्या बाहेर बसले.”

वाऱ्यानं एक कुंची उडायला लागली, ती त्यांनी पटकन धरली आणि घडी घालत बोलत राहिल्या. “प्रसन्नला आमच्या सासूबाईंनी वाढवला. माझी शाळा लांब, सकाळी सहाची एसटी. थोरल्याची दोन्ही पोरं सूनबाईच्या माहेरी, लातूरला वाढली. मी सुट्टीला जायची, खाऊ द्यायची, परत यायची. दुसऱ्यांची तीनशे-चारशे लेकरं वळणाला लावली बघा मी. पण घरातलं एक लेकरू माझ्या हातानं वाढलं नाही. आता रिटायर होऊन बसले तर ही शेवटची.” त्यांनी चारही कुंच्या एकावर एक ठेवल्या. “पण पहिलं बाळंतपण माहेरचं. तो मान तुमचा. त्यात मी तोंड घालणार नाही. फक्त विचारते. तुम्हाला खरंच थांबायचंय का, विहीणबाई?”

हे मला आठवडाभरात कुणी विचारलं नव्हतं. गौतमीनं ‘थांबशील ना’ विचारलं होतं. ‘थांबायचंय का’ हे कुणीच नाही.

“नाही,” मी म्हटलं. “मला घरी जायचंय.”

“का?”

“हसू नका.”

“नाही हसत.”

“आमच्या गावात बायकांचं भजनी मंडळ आहे. मी त्याची बुवा आहे.”

शकुंतलाबाई हसल्या नाहीत, पण तोंड आवळून धरावं लागलं त्यांना. मग मी सगळंच सांगितलं. हे गेल्यावर दोन वर्षं मी घराबाहेर पडले नव्हते. शेजारणीनं एका गुरुवारी ओढून देवळात नेलं आणि माझ्यापुढे पेटी सरकवली, तिथून मी पुन्हा माणसांत आले. आता मला गावात कुणी सुनंदाबाई म्हणत नाही, परुळेकर बुवा म्हणतात. आणि या गणपतीत, पाचव्या दिवशी, आमच्या गावात पहिल्यांदा बायकांची डबलबारी ठरली होती. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला वेंगुर्ल्याच्या बायका, रात्रभर एकमेकींना भजनातून सवाल-जवाब. वर्षभर तयारी केलेली. मी नसेन तर बारी रद्द.

“म्हणून तुम्ही पोळ्या लाटताना लाटणं ठेक्यात आपटता,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “मला वाटायचं, माझ्यावर राग काढता.”

आता मात्र दोघींना हसू आवरेना. एक धावणारा तरुण वळून वळून बघत गेला. हसून झाल्यावर मी डोळे पुसले, त्यांनी नाक पुसलं, आणि मग खरी अडचण समोर उभी राहिली.

“पण सांगायचं कसं?” मी म्हटलं. “नातीपेक्षा भजन जड झालं, असं म्हणेल पोरगी.”

“अन् मी आपणहून राहते म्हणलं, तर मुलाच्या आईनं विहिणीला घालवलं असं होईल.”

“म्हणजे आपलं आपल्यासाठी मागता येत नाही.”

“नाही येत,” त्या बूट चढवत म्हणाल्या. “पण एकमेकींसाठी येतं की. विहिणींना एवढा तरी मान असतोच.”

राहिलेले चार मैल शकुंतलाबाईंच्या गुडघ्यांनी फार छळलं. शेवटच्या चढाला त्या दगडावर बसल्या त्या उठेनात. मग मी तिथंच, त्या परक्या कड्यावर, समुद्राकडे तोंड करून गजर लावला. तीन महिने घरात दबक्या आवाजात गुणगुणत होते, तो आवाज मोकळा सुटल्यावर मलाच दचकायला झालं. दोन मेंढ्या पळाल्या. शकुंतलाबाईंनी आधी टाळ्या धरल्या, मग उभ्या राहिल्या, आणि ठेक्यावर एकेक पाऊल टाकत तो चढ चढल्या. माझ्या मंडळातल्या तरुण पोरीही ठेका एवढा पक्का धरत नाहीत.

साडेचारला खाडीच्या काठी पोचलो. दगड नुकते वर येत होते. ओलेचिंब, शेवाळानं चकाकणारे. ओहोटीचा दगड कसा दिसतो हे आचऱ्याच्या पोरीला तेव्हा आठवलं.

दारातच गौतमी उभी होती. रडून लाल झालेली, कडेवर रेवा. “कुठं होतात दोघी? फोन घरात. प्रसन्न किनाऱ्यावर शोधून आला.” तिचं दहा मिनिटं बोलून झालं, आम्ही शाळेतल्या पोरींसारखं ऐकून घेतलं. मग गरम पाण्यात पाय बुडवून बसलो आणि मी विषय काढला.

“गौतमी, मी शनिवारी जातेय. सासूबाई थांबतील. त्यांना थांबवून घे, मी त्यांना गळ घातलीय.”

“अन् विहीणबाईंना जाऊ दे,” शकुंतलाबाई लगेच म्हणाल्या. “त्यांना जाऊ दे असं मी म्हणते.”

लेक माझ्याकडे वळली. “आई, तुला राहायचं नाही माझ्याजवळ?”

कड्यावर हे फार सोपं वाटलं होतं. तिचा चेहरा बघून माझं अर्धं अवसान गळालं. तेवढ्यात रेवा कुरकुरली. मी सवयीनं हात पुढं केले, आणि मागं घेतले. “सासूबाईंकडे दे,” मी म्हटलं. शकुंतलाबाईंनी पाय टबातून न काढताच तिला घेतलं. पहिली कुंची तिच्या डोक्यावर चढवली, हनुवटीखाली बंद बांधला, आणि दोन्ही हातांनी तिला छातीशी धरलं.

“तुझ्याजवळ राहायला मला आवडतं,” मी लेकीला म्हटलं. “पण तिकडं माझंही काहीतरी आहे गं. ते मला हवंय.”

गौतमी माझ्या शेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, “मी खरं तर प्रसन्नच्या आईंनाच विचारणार होते. पण तुला वाईट वाटेल म्हणून तुला विचारलं.”

म्हणजे त्या घरात तीन बायका एकमेकींचा मान राखत राखत तिघीही उपाशी बसल्या होत्या. जावयानं हे सगळं ऐकलं आणि शहाण्या माणसासारखा चहा ठेवायला निघून गेला.

डबलबारी आम्ही हरलो. वेंगुर्ल्याच्या बुवा पहाटे चारला असा एक सवाल टाकून गेल्या की मी आजही त्याचं उत्तर शोधते आहे. पण मी तिथं होते. आणि रेवा आता सात वर्षांची आहे, इंग्रजी तिकडच्यासारखं बोलते आणि मराठी बार्शीसारखं. शकुंतलाबाई दर वर्षी सहा महिने तिकडं असतात. फोनवर मला नात सांगते, “आज्जी, आज लई वारं सुटलंय बघ.” माझ्या मालवणीचा एक शब्द तिच्यात उतरला नाही, याचं मला वाईट वाटतं आणि वाटतही नाही.

गेल्या मे महिन्यात सगळे बार्शीला जमलो होतो. दुपारची जेवणं चालली होती. मी माझी ती फजिती रंगवून सांगत होते. तिथी, पाऊणपट, बुडालेले दगड, कुत्र्यावाला म्हातारा. पाहुणे हसत होते. शकुंतलाबाई पोळपाटावर दशमी लाटत होत्या.

“भरती एकलाच होती,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “फ्रिजवर लिहिलेलं होतं की. मी सकाळीच बघितलं होतं.”

माझा घास हातात राहिला. बारा दशम्या, दोन दोन मोजे, गुडघ्याला चोळलेलं तेल, घरी ठेवलेला फोन, पिशवीत वरच ठेवलेला पंचा, सगळं एकामागून एक माझ्या डोळ्यांसमोरून गेलं.

“मग आधी का नाही सांगितलंत, विहीणबाई?”

त्यांनी दशमी तव्यावर टाकली आणि हात झटकले.

“सांगितलं असतं, तर अकरालाच घरी आलो असतो की.”